सैन्यदलाच्या मेडिकलला सामोरे जाताना : वाचकांचे प्रश्न

सैन्यात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या वैद्यकीय तपासणीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात या सदरातून केले होते. इंदूर, महू, देवास आणि उज्जैन येथून पत्रे आली, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक आईवडिलांनी लिहिलेली आहेत. नोकरीची बहुतेक वर्षे सैनिकी रुग्णालयांत गेल्यामुळे आणि अशा तपासणी मंडळांवर अनेकदा बसल्यामुळे या पत्रांतली धाकधूक मला चांगली ओळखीची आहे. एसएसबीचे, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतींचे, पाच दिवस पार करून आलेला हुशार मुलगा दाढ, कानातला मळ किंवा वाढलेले वजन अशा कारणावर अडलेला मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि दर वेळी मनात एकच विचार आला आहे : हे सहा महिने आधी कुणीतरी बघायला हवे होते. पुढची उत्तरे त्याच तळमळीने लिहिली आहेत. निकष यूपीएससीच्या जाहिरातीच्या परिशिष्टात छापलेले असतात आणि त्यांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून आपण ज्या परीक्षेला बसणार असाल तिचीच जाहिरात हाताशी ठेवावी.

प्रश्न : माझ्या मुलाने एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा उत्तीर्ण केली असून त्याला भोपाळच्या निवड केंद्रात एसएसबीसाठी बोलावणे आले आहे. शिफारस झाली तर पुढे मेडिकल असते, एवढेच ठाऊक आहे. आमच्या घरात सैन्यात कुणीच गेलेले नाही. तिथे नेमके काय करतात, किती दिवस लागतात आणि त्याचे गुण धरतात का? (एक वडील, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : गुणांचे आधी सांगतो, कारण त्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहे. मेडिकलला गुण नसतात. एनडीएची गुणवत्ता यादी लेखी परीक्षेचे ९०० आणि एसएसबीचे ९०० अशा १८०० गुणांवर लागते. वैद्यकीय मंडळ फक्त पात्र किंवा अपात्र एवढेच ठरवते. त्यामुळे मेडिकलमध्ये पात्र ठरलेला मुलगाही गुणवत्ता यादीत खाली राहिला तर प्रवेशाला मुकू शकतो, हे घरातल्या सगळ्यांनी आधीच समजून घेतलेले बरे, म्हणजे पेढे वाटण्याची घाई होत नाही.

शिफारस झालेल्या उमेदवारांना कधी लगोलग, तर कधी दिलेल्या तारखेला ठरवून दिलेल्या सैनिकी रुग्णालयात विशेष वैद्यकीय मंडळापुढे हजर व्हावे लागते. साधारणपणे चार-पाच दिवस लागतात, आणि मध्ये सुटी आली तर आणखी एखाददुसरा. पहिल्या दिवशी एक माहितीपत्रक भरून घेतात. त्यात स्वतःचे जुने आजार, झालेल्या शस्त्रक्रिया आणि घरातले मधुमेह, क्षय, फेफरे, मानसिक आजार यांची विचारणा असते. त्यानंतर उंची, वजन आणि छाती मोजली जाते. छाती पूर्ण फुगवल्यावर किमान ५ सेंमी वाढावी लागते. रक्त आणि लघवीची तपासणी, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी होते. सोनोग्राफीला उपाशीपोटी जायचे असते, आणि लघवी भरलेली लागते म्हणून पाणी भरपूर प्यायचे असते. हे रिपोर्ट हाती आले की नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, दंतवैद्य, शल्यचिकित्सक आणि फिजिशियन एकामागून एक तपासतात, प्रत्येक जण आपले मत कागदावर लिहितो आणि सर्वांत शेवटी मंडळाचे अध्यक्ष निकाल सांगतात.

शल्यचिकित्सकाच्या तपासणीविषयी मुलाला आधीच स्पष्ट सांगून ठेवावे, कारण आपल्याकडे वडील आणि मुलगा हा विषय टाळतात. पडद्यामागे सगळे कपडे काढून उभे राहावे लागते. खोकायला सांगून हर्निया आहे का ते पाहतात. हायड्रोसील (अंडकोषाभोवती पाणी साठणे), व्हेरिकोसील (तिथल्या शिरा फुगणे), दोन्ही अंडकोष जागेवर आहेत की नाहीत, मूळव्याध किंवा फिशर, हे सगळे तपासले जाते. ज्याला हे माहीत नसते तो गोंधळतो, त्याची नाडी धावू लागते, आणि मग ती धावणारी नाडीच कागदावर येते. अर्थात घाबरल्यामुळे वाढलेला रक्तदाब डॉक्टरांनाही ओळखता येतो. उमेदवाराला थोडा वेळ शांत बसवून तो पुन्हा मोजतात, आणि तरीही तो १४०/९० च्या घरातच राहिला तर दिवसभराची नोंद घेणारे यंत्र लावून खात्री करून घेतात. रोज पळणाऱ्या मुलांची नाडी कधीकधी ६० च्या खाली असते. ती सरावामुळे आहे असे तपासणीत दिसले की प्रश्न उरत नाही.

कानाची तपासणी मात्र जरा जवळून सांगण्यासारखी आहे. एका लांब खोलीत जमिनीवर रेघ आखलेली असते. उमेदवाराने ६१० सेंमी अंतरावर, म्हणजे सुमारे वीस फुटांवर, डॉक्टरकडे पाठ करून उभे राहायचे. मदतनीस त्याचा एक कान बोटाने बंद करतो आणि डॉक्टर कुजबुजत्या आवाजात एखादा शब्द किंवा आकडा उच्चारतात. तो त्याने जसाच्या तसा म्हणून दाखवायचा, मग दुसऱ्या कानाची पाळी. एकदा देवासकडचा एक सडसडीत, तरतरीत मुलगा माझ्यासमोर असा उभा होता. उजव्या कानाने त्याने सगळे अचूक सांगितले; डाव्या कानाला मी पुन्हा पुन्हा कुजबुजलो आणि तो नुसताच ताठ उभा राहिला, कारण त्याला आपल्याला काही विचारले जात आहे हेच कळत नव्हते. आत मळाचा काळा, घट्ट खडा बसला होता. त्याच्यामुळे पडदा दिसत नव्हता, आणि पडदा पाहिल्याशिवाय कोणताही डॉक्टर पात्र असे लिहू शकत नाही. तेव्हा जाण्याआधी तीन-चार आठवडे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून मळ काढून घ्यावा आणि पडदा धड आहे ना, तेही विचारून घ्यावे. घरी काडी, हेअरपिन किंवा कोमट तेल हे काहीही करू नये.

सोबत ओळखपत्र, चष्मा असल्यास चष्मा आणि त्याचा कागद, आणि कोणतीही शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचे डिस्चार्ज कार्ड द्यावे. हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या उमेदवाराला ती होऊन २४ आठवडे उलटल्याचा लेखी पुरावा दाखवावा लागतो, आणि तो कागद घरी राहिला तर मुलाच्या तोंडी सांगण्यावर मंडळाला चालता येत नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या मुलाची खालची दाढ दुखते. जवळच्या दवाखान्यात रूट कॅनालचा खर्च मोठा सांगितला, काढून टाकली तर थोडक्यात भागेल म्हणाले. त्याला पुढे एनडीए द्यायची आहे. एका दाढेने काय बिघडते? (एक आई, देवास)

उत्तर : ताई, शक्य असेल तर ती दाढ काढू नका. हे पत्र वेळेवर आले, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

सैन्यदलात दातांचे गुण मोजतात आणि त्यांना डेंटल पॉइंट म्हणतात. पुढचे दात, सुळे आणि उपदाढा यांना प्रत्येकी १ गुण. पहिल्या आणि दुसऱ्या दाढेला प्रत्येकी २ गुण. अक्कलदाढ पूर्ण वाढलेली असेल तर २, नाहीतर १. मात्र वरचा दात आणि त्याच्यासमोरचा खालचा दात अशी जोडी नीट जुळत असेल तरच गुण मिळतो. वरच्या जबड्यातले सोळाही दात असतील आणि खालच्यांशी जुळत असतील तर एकूण २० किंवा २२ गुण होतात, आणि पात्र ठरण्यासाठी किमान १४ लागतात. आता आपल्या प्रश्नाकडे या. खालची पहिली दाढ काढली की तिच्या वरची दाढ कितीही निरोगी असली तरी जोडी मोडते आणि २ गुण जातात. शिवाय शेजारची दाढ हळूहळू त्या मोकळ्या जागेत कलू लागते आणि तिचीही जोडी बिघडू शकते. एका दाढेने मुलगा अपात्र ठरत नाही, हे खरे. पण अठराव्या वर्षापर्यंत तीन-चार दाढा याच हिशेबाने काढलेली मुले मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी कारण एकच होते, ते म्हणजे त्या दिवशी काढणे स्वस्त पडले. चांगली भरलेली दाढ निरोगी धरली जाते. जी काढली तिची भरपाई मात्र कवळीने होत नाही.

इंदूरला सरकारी दंत महाविद्यालय आहे. तिथे खर्चाचा भार बराच हलका होतो. रूट कॅनालच्या वेळीच कीटणही काढून घ्यावे आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर त्याचे उपचार पूर्ण करावेत, कारण वाढलेला पायोरिया हेही नाकारण्याचे कारण असते.

प्रश्न : मुलाला पावणेदोनचा चष्मा आहे, वय सतरा. एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले की लेझर करून घ्या म्हणजे चष्म्याचा प्रश्नच राहणार नाही. करावे का? (वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : करू नये. लेझरने नंबर काढलेला उमेदवार एनडीएसाठी चालतच नाही. पदवीनंतरच्या प्रवेशांत, म्हणजे सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा) यासारख्या मार्गांत, ती शस्त्रक्रिया चालते; पण ती वयाच्या २० वर्षांनंतर झालेली असावी, होऊन किमान १२ महिने उलटलेले असावेत आणि उरलेल्या बुब्बुळपटलाची, म्हणजे कॉर्नियाची, जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी, अशा अटी आहेत. एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस या वयातली मुले जातात. वयाचा हा हिशेब मांडून पाहिला तरी सतराव्या वर्षी लेझर करण्यात काही अर्थ उरत नाही, आणि नंबर अजून वाढण्याच्या वयात तो पुन्हा येण्याची भीती वेगळीच.

शिवाय त्याची गरजही नाही. एनडीएतून भूदलात जाणाऱ्याला चष्मा चालतो : लघुदृष्टी -२.५ च्या आत हवी, चष्म्याविना ६/३६ पर्यंत (म्हणजे निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून दिसणारे अक्षर ६ मीटरवरून) दिसायला हवे आणि चष्म्यासह दोन्ही डोळ्यांनी ६/६. पदवीधर प्रवेशात ही मर्यादा -३.५ पर्यंत जाते. नौदलाची अट यापेक्षा बरीच कडक आहे, आणि हवाई दलाच्या वैमानिक शाखेत अशी लघुदृष्टी मुळीच चालत नाही. तेव्हा आपल्या मुलाने अर्जात पसंतीक्रम भरताना भूदल वर ठेवावे. विमान चालवायचेच स्वप्न असेल तर ते आता बाजूला ठेवावे लागेल, हे त्याला मोकळेपणाने सांगावे. सध्या दर चार महिन्यांनी नंबर तपासावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर तपासणीआधी काही आठवडे त्या बंद कराव्यात, कारण लेन्समुळे मोजमाप फसवे येते.

नंबरापेक्षा मला काळजी वाटते ती रंग ओळखण्याची, कारण तो दोष असल्याचे घरात कुणालाच माहीत नसते. हा दोष मुख्यतः मुलांत दिसतो आणि आईकडून येतो. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पुस्तकावर दहा मिनिटांत तो कळतो, आणि त्याच्यावर कोणताही उपाय नाही. बारावीत असतानाच ही तपासणी करून घेतली तर मुलाची दोन वर्षे वाया जात नाहीत.

प्रश्न : मी सीडीएसमधून ओटीएसाठी (अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी) प्रयत्न करत आहे. उंची १५३ सेंमी आहे. मागच्या वर्षी सोनोग्राफीत अंडाशयावर लहान गाठ दिसली होती. मुलींची तपासणी कोण करते, आणि पाळीचे दिवस त्याच वेळी आले तर काय करायचे? (वाचक भगिनी, महू)

उत्तर : तुमची उंची पुरेशी आहे, मुलींसाठी किमान १५२ सेंमी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलींना वाढीचे २ सेंमी गृहीत धरून सवलत मिळते, तुम्हाला मात्र तिची गरज पडणार नाही.

मुलींची शारीरिक तपासणी स्त्री डॉक्टर करतात आणि त्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी असते. अंडाशयावरची एका कप्प्याची, स्वच्छ पाण्याची साधी गाठ ६ सेंमीपर्यंत असेल तर ती पात्रतेच्या आड येत नाही, आणि अशा बहुतेक गाठी आपोआप विरतात. मागच्या वर्षीची ती अजून आहे का, हे आताच एकदा पाहून घ्या, म्हणजे तिथे पहिल्यांदाच ऐकण्याची वेळ येणार नाही. गर्भाशयात ३ सेंमीपर्यंतची लहान फायब्रॉइड, म्हणजे स्नायूची साधी गाठ, असली तरी चालते. पाळी आली असेल तर तसे पहिल्याच दिवशी सांगा. लघवीच्या तपासणीत रक्त दिसते आणि उगाच शंका निर्माण होते, म्हणून तो नमुना नंतर घेतात. संकोचाने न बोलता नमुना देऊन टाकणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि मग त्यांचा मुक्काम दोन दिवसांनी वाढतो.

आपल्या भागातल्या मुलींमध्ये रक्त कमी असणे फार सर्रास आढळते, तेव्हा हिमोग्लोबिन तीन महिने आधी तपासा, म्हणजे लोहाच्या गोळ्यांना काम करायला वेळ मिळेल. मी सेवेत होतो तेव्हा एनडीएचे दार मुलींना बंद होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते उघडले, २०२२ मध्ये पहिल्या मुली खडकवासल्याला दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या १७ जणी पदवी घेऊन संचलनात चालल्या. तुमचा मार्ग वेगळा असला तरी हे तुम्हाला सांगावेसे वाटले.

प्रश्न : माझे गुडघे उभे राहिल्यावर एकमेकांना चिकटतात आणि घोटे दूर राहतात. अकादमीतले मित्र रात्री गुडघ्यांत उशी बांधून झोपायला सांगतात. एक जण घोड्यावर बसल्याने फरक पडतो म्हणतो, तर एका ठिकाणी तेलाच्या मालिशसाठी महिन्याचे पैसे मागितले. खरे काय? (वय १८, उज्जैन)

उत्तर : याला नॉक नी म्हणतात आणि त्याचे माप तुम्ही घरीच घेऊ शकता. अनवाणी, कठीण फरशीवर, आरशासमोर उभे राहा. दोन्ही गुडघे एकमेकांना नुसते टेकतील एवढेच जवळ आणा, दाबू नका. आता घरातल्या कुणाला तरी खाली बसून दोन घोट्यांच्या आतल्या हाडांमधले अंतर शाळेच्या पट्टीने मोजायला सांगा. मुलांसाठी हे अंतर ५ सेंमीपेक्षा अधिक चालत नाही, मुलींसाठी ८ सेंमीपर्यंत चालते. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील तर उलट मोजतात, म्हणजे घोटे जुळवून गुडघ्यांमधले अंतर, आणि ते ७ सेंमीपेक्षा जास्त नसावे.

आता उपायांविषयी. लहानपणी गुडघे असे जुळणे स्वाभाविक असते आणि सात-आठ वर्षांपर्यंत पाय आपोआप सरळ होतात. अठराव्या वर्षी हाडाची वाढ जवळजवळ संपलेली असते, त्यामुळे हाडातला कोन उशीने, घोड्याने वा तेलाने बदलत नाही. उशी घट्ट बांधून घोट्यांच्या बाजूचे अस्थिबंध ताणले गेलेली मुले माझ्याकडे आली आहेत आणि मला त्यांचे फार वाईट वाटले आहे, कारण मूळ दोष होता तिथेच राहिला आणि वर दुखणे जडले. मालिशवाल्याला पैसे देऊ नका. मात्र एक शक्यता खरी असते : मांड्या जाड असल्या की त्या एकमेकींना आधी टेकतात आणि अंतर आहे त्याहून मोठे दिसते. असे असेल तर वजन उतरवल्यावर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम केल्यावर माप एखाद्या सेंटिमीटरने खरोखर कमी भरते. तुमचे अंतर ५ आणि ६ च्या मध्ये असेल तर चार महिने मनापासून हे करा. आठ-नऊ असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, पण केवळ मेडिकलसाठी हाड कापून सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेला तयार होऊ नका. हाडात पट्टी किंवा स्क्रू असलेला उमेदवार तसाही अपात्र ठरतो.

तुम्ही विचारले नाही, तरी तळवेही पाहून ठेवा. ओला पाय फरशीवर उमटवला आणि पूर्ण तळवा उमटला तर लगेच हताश होण्याचे कारण नाही. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान परत दिसत असेल, पाय लवचिक असेल, न दुखता चवड्यांवर पळता येत असेल तर असा सपाट तळवा स्वीकारला जातो. कमान चवड्यांवरही येत नसेल तर मात्र अडचण आहे.

प्रश्न : मुलगा अभ्यासात उत्तम, एसएसबीची तयारीही जोरात आहे, पण वजन ८४ किलो, उंची १७२ सेंमी. घरच्या डॉक्टरांनी केलेल्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आले. याला कितपत महत्त्व द्यावे? (वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : पूर्ण महत्त्व द्यावे. यकृतावर चरबी दिसणे हे नाकारण्याच्या कारणांत आहे, तसेच पित्ताशयातले खडे आणि कोणत्याही आकाराचा मुतखडाही आहे. जास्त वजनाला सवलत मिळते ती कुस्ती, मुष्टियुद्ध किंवा शरीरसौष्ठव करणाऱ्या मुलांना, आणि तीही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २५ च्या आत, कंबर ९० सेंमीच्या आत आणि रक्ताचे रिपोर्ट निर्दोष असतील तर. आपल्या मुलाचा बीएमआय २८ च्या पुढे जातो, म्हणजे नुसते २५ च्या आत यायचे तरी त्याला किमान दहा-अकरा किलो उतरवावे लागतील. महिन्याला दोन किलोच्या बेताने पाच-सहा महिने लागतात. उपाशी राहून पंधरा दिवसांत वजन उतरवणारा मुलगा मेडिकलला अशक्त होऊन पोहोचतो, म्हणून घाई नको. सकाळी पोह्यांवर शेव आणि सोबत जिलबी, रात्री अभ्यासानंतर मित्रांबरोबर सराफ्यातली खाऊगल्ली, ही इंदूरची सवय मला मनापासून प्रिय आहे. या सहा महिन्यांसाठी मात्र तिला आवर घालावा आणि घरातल्यांनीही त्याच्यासमोर ती टाळावी. या वयात यकृत लवकर सुधारते, हे मी अनेक मुलांच्या रिपोर्टांत पाहिले आहे.

प्रश्न : मुलाने दंडावर महादेवाचे गोंदण करून घेतले. चालेल का? (वाचक, मल्हारगंज)

उत्तर : दंडावरचे चालत नाही. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला असलेले गोंदण तेवढे चालते. आदिवासी समाजाच्या परंपरागत गोंदणाला वेगळी सवलत आहे. काढायचे असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडूनच काढावे, कारण तेजाब किंवा चटका देऊन काढल्यास राहणारा जाड व्रण ही नवी अडचण होते.

प्रश्न : नातवाला नाकाचे हाड वाकडे असल्यामुळे अनफिट केले. घरात सुतकी कळा आली आहे. एका गृहस्थाने फोन करून सांगितले की वर ओळख आहे, अपिलात काम करून देतो. काय करावे? (एक आजोबा, रामबाग, इंदूर)

उत्तर : त्या गृहस्थाचा फोन पुन्हा घेऊ नका आणि त्याला एक पैसाही देऊ नका. अपिलातली तपासणी वेगळ्या रुग्णालयात, वेगळे तज्ज्ञ करतात. असे लोक दहा जणांकडून पैसे घेतात. त्यांतले चार जण स्वतःच्या उपचारामुळे पात्र ठरतात आणि श्रेय हा घेतो. पोलिसांत तक्रार करण्याइतकी ही गंभीर गोष्ट आहे.

आता नातवाचे. निकालाच्या वेळी त्याला कारण लिहिलेला कागद मिळाला असेल आणि अपिलाची पद्धत अध्यक्षांनी समजावून सांगितली असेल. तो कागद काढून नीट वाचा. भूदलाच्या बाबतीत अपिलीय मंडळापुढे ४२ दिवसांच्या आत हजर व्हावे लागते. हे ४२ दिवस फार मोलाचे असतात, आणि पहिले दहा दिवस बहुतेक घरांत शोक करण्यातच जातात. उद्याच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि दोनच प्रश्न विचारा : हाडाच्या वाकण्यामुळे श्वासाला खरोखर अडथळा होतो का, आणि शस्त्रक्रिया केली तर या मुदतीत जखम पूर्ण भरेल का. किंचित वाकडे नाक कित्येकांचे असते. प्रश्न अडथळ्याचा असतो. अडथळा नसेल तर तज्ज्ञांचा तसा लेखी अभिप्राय आणि रिपोर्ट घेऊन अपिलाला जावे. असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय आज-उद्यात व्हायला हवा, महिन्याने नव्हे.

अपिलातही अपात्र ठरल्यास पुनर्विलोकन मंडळाची विनंती करता येते, पण ती एका दिवसाच्या आत द्यावी लागते आणि ती मंजूर करणे हा सैन्यदल वैद्यकीय सेवांच्या महासंचालकांचा अधिकार असतो. तो उमेदवाराचा हक्क नव्हे. म्हणून अपिलाला जाताना अर्जाचा मसुदा नातवाने आधीच लिहून सोबत ठेवावा. आणि आजोबा, हा निकाल नाकाच्या हाडाविषयी आहे, आपल्या नातवाच्या कर्तृत्वाविषयी नाही, हे त्याला घरातल्या मोठ्या माणसाने सांगितले तर ते जास्त पोहोचते. म्हणून ते आपण सांगावे.

प्रश्न : मला लहानपणी तापात एकदा झटका आला होता, असे आई सांगते. त्यानंतर कधीच नाही. माहितीपत्रकात हे लिहिले तर बाद होईन, असे सगळे म्हणतात. लिहू का? (वय १९, इंदूर)

उत्तर : लिहा. लहानपणी तापामुळे आलेला झटका, ज्याच्यानंतर मेंदूविकाराचे कोणतेही चिन्ह राहिले नाही, तो गंभीर मानला जात नाही, आणि तज्ज्ञ तसे तपासून घेतात. खोटी माहिती देऊन घेतलेला प्रवेश मात्र पुढे कधीही रद्द होऊ शकतो, मग तो प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी का असेना. आणि झटके खरोखर पुन्हा येणारे असतील तर हातात शस्त्र असलेल्या, कड्यावरून दोराने उतरणाऱ्या अधिकाऱ्याला तो झटका आला की त्याच्या मागे असलेल्या दहा जवानांचे काय होईल, याचा विचार मंडळावर बसलेल्या माणसाला करावाच लागतो. तो विचार करूनच मी अनेक कागदांवर सही केली आहे आणि काहींवर केलेली नाही. आईला विचारा की त्या वेळी वय किती होते, ताप किती होता, झटका किती मिनिटे टिकला आणि औषध किती दिवस चालले. तेव्हाचे डॉक्टर अजून दवाखाना चालवत असतील तर त्यांच्याकडून दोन ओळींचा दाखला घ्या, आणि तो मेडिकलच्या कागदांत सर्वांत वर लावा.